माज, मस्त आणि हौस : परळ-भोईवाड्याच्या संदर्भात मराठीतील ताठा व उल्हासवाचक शब्दांचा इतिहास

प्रस्तावना

ताठा आणि उल्हास या दोन भिन्न मनोवृत्ती आहेत असे नीतिशास्त्र मानते. पहिलीची गणना ते दोषांत करते, तर दुसरीची गुणांत किंवा निदान निरुपद्रवी वृत्तींत. भाषेचा व्यवहार मात्र इतका काटेकोर नसतो. 'मुले मस्ती करीत आहेत' या वाक्यात कौतुक असते, 'त्याला मस्ती आली आहे' या वाक्यात धमकी असते, आणि 'जेवण मस्त झाले' या वाक्यात निव्वळ तृप्ती असते. शब्द एकच आहे, तरी त्याचा अर्थ कोण बोलतो आणि कोणाविषयी बोलतो यावर ठरतो.

ही गोष्ट मराठीपुरती मर्यादित नाही. जुन्या स्कॉट्स बोलीत 'वोगी' हा शब्द गर्विष्ठ माणसासाठी आणि आनंदी माणसासाठी सारखाच वापरला जात असे. त्याच बोलीतील 'क्रूस' (ख्रिस्ती क्रूसाशी या शब्दाचा संबंध नाही) याचेही अर्थ दोन होते : धीट, ताठ मानेचा, आणि प्रफुल्ल, खुशीत असलेला. दोन दूरच्या भाषांनी एकाच ठिकाणी असा दुहेरी अर्थ सांभाळावा, ही केवळ योगायोगाची बाब म्हणून सोडून देता येत नाही.

प्रस्तुत निबंधात मराठीतील अशा निवडक शब्दांचा इतिहास पाहावयाचा आहे. त्यासाठी मुंबईतील परळ-भोईवाडा हा परिसर संदर्भ म्हणून घेतला आहे. या परिसराने राजदरबारचा दिमाख आणि गिरणी कामगारांचा स्वाभिमान हे दोन्ही पाहिले. शिवाय मराठी शब्द गोळा करण्याच्या आरंभीच्या काही प्रयत्नांशीही त्याचा संबंध आहे. ताठा आणि उल्हास यांतील सीमारेषा शब्दांच्या मूळ अर्थाने आखलेली नसून ती समाजातील उतरंडीने आखली आहे, आणि म्हणूनच ती इतिहासक्रमात सरकत आली आहे, असे या निबंधाचे प्रतिपादन आहे.

परळ : पालखी, बंगला आणि शब्दसंग्रह

भोईवाडा हे नाव भोई समाजाच्या वस्तीची खूण आहे. भोई म्हणजे पालखी वाहणारा. मासेमारी हाही या समाजाचा एक व्यवसाय. मराठेशाहीत पालखी हे केवळ वाहन नव्हते. पालखीचा मान, अब्दागीर, चवरी यांवरून माणसाची प्रतिष्ठा ठरे आणि पालखी बाळगण्यासाठी सरकारातून नेमणूक मिळत असे. गावपातळीवरही पोळ्याच्या दिवशी पहिला बैल कोणाचा, होळीची पहिली पोळी कोणाची, यांवरून वतनदारांत तंटे होत आणि त्यांचे निवाडे महजरांत नोंदले जात. 'मानपान' आणि 'मानकरी' हे शब्द या व्यवस्थेची देणगी आहेत. त्या व्यवस्थेत पालखीत बसणाऱ्याचा ताठा हा 'मान' होता. पालखी खांद्यावर घेणाऱ्याच्या ताठ्यासाठी मात्र निराळे शब्द होते.

भोईवाड्यापासून जवळच परळचे जुने राजभवन उभे आहे. अठराव्या शतकाच्या उत्तरार्धापासून सुमारे शंभर वर्षे मुंबईचे गव्हर्नर तेथे राहत असत. १८९९ मध्ये वाल्देमार हाफकिन यांची प्लेग प्रयोगशाळा या वास्तूत आली आणि पुढे ती हाफकिन संस्था म्हणून ओळखली जाऊ लागली. मुंबईचे रेकॉर्डर म्हणून आलेले सर जेम्स मॅकिंटॉश यांनी २६ नोव्हेंबर १८०४ रोजी परळ येथेच लिटररी सोसायटी ऑफ बॉम्बे या विद्वत्सभेची स्थापना केली. पुढे तीच संस्था रॉयल एशियाटिक सोसायटीची मुंबई शाखा झाली. मॅकिंटॉश स्कॉटलंडचे होते. सोसायटीचे चिटणीस विल्यम अर्स्किन हेही स्कॉटिश होते आणि जॉन लेडन या कवी-भाषापंडिताचे एडिंबरोतील स्नेही होते. लेडन यांनी १८०१ मध्ये 'द कम्प्लेंट ऑफ स्कॉटलंड' हा सोळाव्या शतकातील ग्रंथ संपादित केला आणि त्याला जुन्या स्कॉट्स शब्दांचा कोश जोडला. त्यानंतर ते हिंदुस्थानात आले आणि १८११ मध्ये जावा बेटावर निधन पावले. बाबराच्या आत्मचरित्राचे त्यांनी अपुरे ठेवलेले भाषांतर अर्स्किन यांनी पुरे केले. ते १८२६ मध्ये प्रसिद्ध झाले. लेडन यांचे दुसरे जिवलग मित्र सर जॉन माल्कम १८२७ ते १८३० या काळात मुंबईचे गव्हर्नर होते.

या व्यक्तींचा उल्लेख करण्यामागे एक कारण आहे. आपल्या मायबोलीचे शब्द इंग्रजीच्या दडपणाखाली नाहीसे होत आहेत, ही जाणीव त्या पिढीतील स्कॉटिश विद्वानांमध्ये तीव्र होती. १८०८ मध्ये जॉन जेमिसन यांनी स्कॉट्स भाषेचा व्युत्पत्तिकोश एडिंबरो येथे दोन खंडांत काढला तो याच जाणिवेतून. त्याच सुमारास मुंबई इलाख्यात मराठीचे शब्द टिपले जात होते. एअरशायर परगण्यात जन्मलेल्या व्हॅन्स केनेडी यांचा मराठी कोश १८२४ मध्ये निघाला. १८२९ मध्ये शास्त्रीमंडळाने सिद्ध केलेला 'महाराष्ट्र भाषेचा कोश' आला. १८३१ मध्ये मोल्सवर्थ यांचा मराठी-इंग्रजी कोश प्रसिद्ध झाला आणि १८५७ च्या दुसऱ्या आवृत्तीत त्यातील शब्दसंख्या सुमारे साठ हजारांवर गेली. मोल्सवर्थ स्वतः इंग्रज होते. परंतु दुसऱ्या आवृत्तीला मराठी भाषेविषयीचे प्रास्ताविक टिपण लिहिणारे डॉ. जॉन विल्सन हे स्कॉटलंडमधील लॉडर गावचे होते. गिरगावचे विल्सन महाविद्यालय त्यांचेच नाव धारण करते. घरी एक बोली सोडून दरबारी दुसरी बोलणाऱ्या या मंडळींना शब्दाची प्रतिष्ठा आणि बोलणाऱ्याची प्रतिष्ठा यांचा संबंध अपरिचित असण्याचे कारण नव्हते.

एका धातूची चार अपत्ये

संस्कृतातील 'मद्' या धातूचा मूळ अर्थ हर्षित होणे, धुंद होणे असा आहे. ऋग्वेदात सोमाचा 'मद' ही स्तुतीची गोष्ट आहे. त्या मदाच्या भरात इंद्र पराक्रम करतो. पुढील नीतिपर वाङ्मयात मात्र याच मदाला काम, क्रोध, लोभ, मोह आणि मत्सर यांच्या पंक्तीत बसवून सहा शत्रूंपैकी एक ठरविण्यात आले. एकाच शब्दाने उल्लासापासून दोषापर्यंतचा प्रवास केला.

मराठीत या धातूची चार अपत्ये नांदतात. पहिले अपत्य तत्सम : मद, उन्मत्त, उन्माद. दुसरे 'मत्त' पासून आलेले 'मातणे'. तिसरे 'माद्यति' या क्रियारूपापासून प्राकृतमार्गे आलेले 'माजणे' आणि त्यापासूनचा 'माज'. चौथे अपत्य परदेशी वाढलेले आहे. फारसीतील 'मस्त' आणि संस्कृतातील 'मत्त' ही एकाच इंडो-इराणी मुळाची सख्खी भावंडे आहेत. फारसीत 'मस्त' म्हणजे मद्याने धुंद. दख्खनी राजवटींच्या काळात हा शब्द मराठीत आला आणि हजारो वर्षांपूर्वी दुरावलेल्या भावंडांना एकाच घरात राहावे लागले.

या चौघांची कामे मराठीने वाटून दिली. तत्सम शब्द ग्रंथांत आणि कीर्तनात राहिले. 'माज' शेतावर आणि गोठ्यात राबू लागला : म्हैस माजावर येते, शेतात तण माजते, राज्यात बंडाळी माजते. 'मातणे' श्रावणातल्या कहाण्यांत स्थिरावले. तेथे ते 'उतणे' या क्रियापदाबरोबर येते. दूध उतू जाते तसे माणसाने उतू जाऊ नये आणि भरभराटीत मातू नये, अशी ताकीद तेथे दिली जाते. ही ताकीद गरिबाला नाही. ती वैभवाला आल्यावर व्रत विसरणाऱ्या राणीला किंवा सावकारणीला आहे. संपन्नांच्या ताठ्याला लगाम घालणारी ही परंपरा बायकांच्या तोंडी राहिली हे लक्षात घेण्याजोगे आहे.

'मस्त' हत्तीशी जोडला गेला. मदाला आलेला हत्ती मस्त होतो, मग तसा माणूस मस्तवाल होतो. याच जातीचा 'मुजोर' हा शब्द घोड्यावरून आला आहे. 'मुंहजोर' म्हणजे तोंडाचा जोर असलेला, लगाम न मानणारा घोडा. लगाम न मानणारा नोकर 'मुजोर' ठरला तो यावरून.

दरबारी शब्दांचे मानवीकरण आणि पशुवाचक शब्दांची उतरंड

आता वरच्या वर्गाच्या ताठ्याचे शब्द पाहता येतील. 'दिमाख' हा मूळ अरबी शब्द. त्याचा अर्थ मेंदू. मराठीत त्याचा अर्थ थाट, भपका असा झाला आणि आज 'दिमाखदार सोहळा' ही प्रशंसा आहे. 'शान' म्हणजे मूळ अरबीत स्थिती, दर्जा. 'मिजास' मूळचा 'मिजाज', म्हणजे मिश्रण आणि त्यावरून प्रकृती, स्वभाव. उर्दूत आजही 'मिजाज' विचारणे म्हणजे क्षेमकुशल विचारणे होय. मराठीत तो आक्रसून केवळ तोऱ्याचा वाचक राहिला. पागोट्यावरचा 'तुरा' शिरपेचात खोवला की मानाचा होतो. 'मगरूर' चा मूळ अरबी अर्थ तर फसलेला, भ्रमात पडलेला असा आहे; गर्व हा भ्रम आहे हे शहाणपण त्या शब्दात दडलेले आहे.

या दोन गटांची तुलना केली असता एक भेद स्पष्ट होतो. वरच्या वर्गाच्या ताठ्याचे शब्द मेंदू, प्रकृती, दर्जा, शिरोभूषण यांवरून आलेले आहेत. म्हणजे ते माणसाच्या मस्तकाचे शब्द आहेत. खालच्या वर्गाच्या ताठ्याचे शब्द म्हैस, हत्ती, घोडा यांवरून आलेले आहेत. त्यांच्याबरोबर येणारी क्रियापदेही तशीच आहेत. दिमाख 'मिरवला' जातो, रुबाब 'गाजवला' जातो, शान 'राखली' जाते. माज मात्र 'उतरवला' जातो, मस्ती आणि रग 'जिरवली' जाते. पहिल्या गटातील क्रियापदांचा कर्ता ताठा असलेला माणूस स्वतः आहे. दुसऱ्या गटातील क्रियापदांचा कर्ता दुसराच कोणी आहे आणि त्याच्या हाती सत्ता आहे. साहेबाचा माज उतरवण्याची भाषा पूर्वी सहसा होत नसे, आणि गड्याच्या दिमाखाचे कौतुक कोणी करीत नसे.

याला अपवाद नाहीत असे नाही. 'गर्व', 'अहंकार' हे शब्द थोरामोठ्यांवरही चालले. संतवाङ्मयाने तर ते मुख्यतः उच्चवर्णीय आणि सत्ताधारी यांच्यावरच चालवले. परंतु तो आध्यात्मिक उपदेशाचा प्रांत होता. रोजच्या हुकमाच्या भाषेत उतरंड कायम राहिली.

उल्हासाचे शब्द : लाट, चव आणि हौस

उल्हासवाचक शब्दांचा इतिहास अधिक सुखावह आहे. 'मौज' म्हणजे अरबीत लाट. मनाची लाट ती मौज. 'मजा' म्हणजे फारसीत चव. 'खुशाली' हा 'खुशहाली' चा मराठी अवतार. कागदोपत्री आणि घरगुती पत्रांत 'ख्यालीखुशाली' कळविण्याची रीत पिढ्यान्‌पिढ्या चालत आली. खुशाल, खुशाबा ही नावे खेड्यापाड्यांत रुळली. याच कुळातील 'खुशामत' ला मात्र वाईट दिवस आले. वरिष्ठाला खूश करण्याची ज्यांच्यावर पाळी येते त्यांना तो शब्द चिकटला.

सर्वांत बोलके उदाहरण 'हौस' या शब्दाचे आहे. अरबी-फारसीतील 'हवस' म्हणजे वासना, लालसा. उर्दू-हिंदीत त्याचा अर्थ आजही तोच आहे. मराठीने त्यातील पाप काढून टाकले आणि उत्साह, आवड एवढेच ठेवले. हौसेला मोल नाही, ही म्हण सर्वांच्या तोंडी आहे. मराठी कुटुंबांनी आपल्या मुलींची नावे हौसा, हौसाबाई अशी ठेवली. ज्या शब्दाने शेजारच्या भाषेत स्त्रीविषयीच्या लालसेचा निर्देश होतो, तोच शब्द मराठीत लाडक्या लेकीचे नाव झाला. दरबारी शब्द सामान्यांच्या घरात शिरला की त्याचे काय होऊ शकते, याचा हा सुंदर पुरावा आहे.

परळमध्ये या शब्दाला आणखी एक अर्थ आला. ना. म. जोशी यांच्या पुढाकाराने १९११ मध्ये स्थापन झालेल्या सोशल सर्व्हिस लीगने कामगारवस्तीत जे काम उभारले, त्यातूनच १९२२ मध्ये परळचे दामोदर सभागृह उभे राहिले. दिवसपाळी-रातपाळी करणारे कोकणातील आणि घाटावरचे कामगार तेथे नाटके करीत. त्यांच्या रंगभूमीला 'हौशी' म्हटले गेले. पुढे समीक्षेच्या भाषेत 'हौशी' म्हणजे 'व्यावसायिकाहून उणे' असा भाव आला. परंतु आठ-दहा तास साच्यावर उभ्या राहणाऱ्या माणसाने पदरमोड करून नाटक बसवावे, ही हौस त्याच्या दृष्टीने चैन नव्हती. आपण केवळ कामाचे हात नाही हे त्यातून सिद्ध होत होते. येथे उल्हास आणि स्वाभिमान पुन्हा एक झाले.

कोशकारांचे मेज

कोश हा तटस्थ आरसा असतो, असा समज रूढ आहे. एकोणिसाव्या शतकातील मराठी कोशांचे ऋण मोठे आहे. मोल्सवर्थ आणि त्यांचे सहकारी यांनी पोथ्यांपुरते न थांबता कुणबाऊ, कोकणी, देशी शब्दही घेतले आणि शब्दाच्या मुळाचा निर्देश करण्याची शिस्त घातली. तथापि त्यांना साहाय्य करणारे शास्त्री एका विशिष्ट वर्गातील होते आणि कोशाचा पहिला वापर करणारे अधिकारी राज्यकर्ते होते. नोकर, रयत, शिपाई यांच्याशी हुकमाच्या नात्याने बोलणाऱ्यांसाठी तो तयार झाला होता. त्यामुळे 'माज' किंवा 'मुजोरी' या शब्दांचा अर्थ ज्याच्यावर तो शब्द फेकला गेला त्याच्या बाजूने नोंदला जाण्याची शक्यता फारशी नव्हती.

शब्दांच्या मुळांविषयीची आस्था पुढेही वेगवेगळ्या हेतूंनी जागी राहिली. शिवकालीन 'राजव्यवहारकोशा' ने फारसी शब्दांना संस्कृत पर्याय दिले होते. विसाव्या शतकात माधव जूलियन यांचा 'फार्शी-मराठी कोश' १९२५ मध्ये आला, दाते-कर्वे यांचा 'महाराष्ट्र शब्दकोश' १९३२ ते १९३८ या काळात सात खंडांत निघाला आणि कृ. पां. कुलकर्णी यांचा 'मराठी व्युत्पत्तिकोश' १९४६ मध्ये प्रसिद्ध झाला. भाषाशुद्धीच्या चळवळीने फारसी शब्द घालविण्याचा आग्रह धरला. परंतु मौज, मजा, खुशी, हौस आणि मस्त यांच्या जागी दुसरे शब्द रुजले नाहीत. प्रशासनाचे शब्द परिपत्रकाने बदलता येतात, आनंदाचे शब्द तसे बदलता येत नाहीत.

याच काळात सुशिक्षितांच्या ताठ्याचे शब्द दोषांच्या यादीतून गुणांच्या यादीत गेले. सांख्यदर्शनात 'अभिमान' हे अहंकाराचेच लक्षण आहे. १८७४ पासून निघालेल्या चिपळूणकरांच्या 'निबंधमाले' च्या युगात देशाभिमान आणि भाषाभिमान हे कर्तव्य झाले. योगसूत्रांत 'अस्मिता' हा पाच क्लेशांपैकी एक आहे. विसाव्या शतकात गुजरातीत कन्हैयालाल मुनशी यांनी रूढ केलेल्या अर्थाने तो शब्द मराठीतही आला आणि प्रादेशिक अभिमानाचा ध्वज बनला. लेखणी ज्यांच्या हाती होती त्यांनी आपल्या अभिमानाला असे प्रतिष्ठित नाव मिळवून दिले. कामगाराच्या अभिमानाला तसे नाव मिळण्यास वेळ लागला.

गिरणगाव : खुशी की हक्क

परळ, लालबाग, भोईवाडा, नायगाव या पट्ट्यात एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धात गिरण्या वाढल्या आणि चाळी उभ्या राहिल्या. या वस्तीने ताठ मानेची पहिली मोठी सार्वजनिक खूण जुलै १९०८ मध्ये दाखवली. लोकमान्य टिळकांना सहा वर्षांची शिक्षा झाली तेव्हा गिरणी कामगारांनी सहा दिवस काम बंद ठेवले. त्या संपात पगारवाढीची मागणी नव्हती.

पुढील संघर्षांत ताठा आणि उल्हास यांचे नाते अधिक उघड झाले, ते 'बोनस' या शब्दाभोवती. पहिल्या महायुद्धाच्या काळात नफा वाढला तेव्हा मालकांनी कामगारांना वर्षाकाठी बोनस दिला. १९२३ चा बोनस नाकारल्यावर १९२४ च्या आरंभी मोठा संप झाला. मुख्य न्यायाधीश सर नॉर्मन मॅक्लाउड यांच्या अध्यक्षतेखालील समितीने बोनसवर कामगारांचा कोणताही हक्क सिद्ध होत नाही, असा निर्णय दिला. मराठीच्या परिभाषेत सांगावयाचे तर समितीने बोनस हा मालकाच्या 'खुशी' चा भाग ठरवला. कामगारांची भूमिका मात्र अशी होती की सणाची हौस ही दुसऱ्याच्या खुशीवर अवलंबून असता कामा नये. आनंद बक्षीस म्हणून घ्यावा की हक्क म्हणून, हा वाद पैशाइतकाच मानाचाही होता. १९२८ मध्ये सुमारे दीड लाख कामगारांनी एप्रिलपासून ऑक्टोबरपर्यंत संप चालवला आणि गिरणी कामगार युनियनचा लाल बावटा या वस्तीत रोवला गेला. बोनसचा प्रश्न कायद्याच्या चौकटीत बसण्यास १९६५ साल उजाडावे लागले.

या काळात व्यासपीठावरच्या मराठीत एक उलटापालट झाली. जे शब्द कामगारांवर फेकले जात होते ते त्यांनी उलट फिरवले. मालक 'मुजोर' झाले, भांडवलदार 'मस्तवाल' झाले, सत्ता 'माजली'. म्हैस, हत्ती, घोडा यांचे शब्द प्रथमच उतरंडीच्या वरच्या पायरीवर चढले. अण्णा भाऊ साठे, अमर शेख, गवाणकर यांच्या लाल बावटा कलापथकाने हीच भाषा पोवाड्यात आणि वगात आणली. परळच्या चाळींत वाढलेल्या नारायण सुर्वे यांच्या 'ऐसा गा मी ब्रह्म' (१९६२) आणि 'माझे विद्यापीठ' (१९६६) या संग्रहांनी कामगाराच्या आत्मभानाला मराठी कवितेत प्रतिष्ठेची जागा मिळवून दिली. राज्यकर्त्याच्या रुबाबाचीही चेष्टा होऊ लागली. 'लॉर्ड' चा 'लाट' झाला आणि आगाऊ पोराला आई 'मोठा लाटसाहेब' म्हणू लागली. जुन्या राजभवनाच्या पंचक्रोशीत हा शब्द शेवटी एवढ्याच कामाचा उरला.

१८ जानेवारी १९८२ रोजी डॉ. दत्ता सामंत यांच्या नेतृत्वाखाली सुमारे अडीच लाख कामगारांचा संप सुरू झाला. त्याच्या मुळाशी पगाराच्या आणि संघटनेच्या प्रश्नाबरोबर १९८१ च्या दिवाळीतील बोनसचा असंतोषही होता. हा संप विधिवत मागे घेतला गेला नाही आणि त्यानंतर गिरण्यांचे पुनरुज्जीवनही झाले नाही. या संपाचे विश्लेषण अर्थशास्त्राच्या आणि राजकारणाच्या अंगाने पुष्कळ झाले आहे. शब्दांच्या इतिहासाच्या दृष्टीने पाहता एक प्रश्न उरतो. पराभूत झालेल्या माणसाच्या ताठ मानेला हट्ट म्हणावयाचे, माज म्हणावयाचे की स्वाभिमान, हे कोणी ठरवावयाचे ? जयंत पवार यांच्या 'अधांतर' (१९९७) या नाटकाने उद्ध्वस्त झालेल्या कामगार कुटुंबाचे चित्र उभे केले. नीरा आडारकर आणि मीना मेनन यांनी संकलित केलेल्या गिरणगावाच्या मौखिक इतिहासात (२००४) त्या पिढीचे स्वतःचे बोलणे नोंदले गेले. कोशात ज्यांची बाजू आली नव्हती त्यांची बाजू अशी दुसऱ्या वाटेने आली.

स्कॉटलंडचे साम्य

येथे पुन्हा स्कॉट्स बोलीकडे वळणे उपयुक्त ठरेल. 'क्रूस' या शब्दाचा मूळ अर्थ कुरळा, पीळ असलेला असा होता. त्याचा जर्मन सोयरा 'क्राउस' आजही कुरळा याच अर्थी वापरतात. पिळापासून धिटाई, धिटाईपासून प्रसन्नता असा त्याचा प्रवास झाला. सुंभ जळाला तरी पीळ जळत नाही, असे मराठी म्हणते तेव्हा तीच प्रतिमा तिच्या मनात असते. फरक इतकाच, की मराठीने पिळात हट्ट पाहिला आणि स्कॉट्सने आनंद.

'व्हॉन्टी' म्हणजे आपल्या गोष्टीची प्रौढी वाटणारा. रॉबर्ट बर्न्स यांनी १७९१ मध्ये प्रसिद्ध झालेल्या 'टॅम ओ' शँटर' या काव्यात हा शब्द वापरला आहे तो एका गरीब घरच्या तरुणीसाठी. आजीने ऐपतीबाहेर पैसे खर्चून घेतलेला आणि आता आखूड झालेला झगा घालून ती मिरवते. कवी तिला हसतो खरा, परंतु त्या हसण्यात कौतुकही आहे. गरिबाची मिरवण ही हास्यास्पद की लोभस, हा प्रश्न त्या एका शब्दात शिल्लक राहतो.

तिसरा शब्द 'गॅलस'. तो फाशीच्या खांबावरून आला. फासावर चढण्याच्या लायकीचा, बेछूट, असा त्याचा मूळ अर्थ. ग्लासगोच्या कामगारवस्तीत मात्र तो हळूहळू रुबाबदार, धीट, झकास अशा अर्थी वापरला जाऊ लागला. मराठीतील 'मस्त' ची कथा हीच आहे. ज्या शब्दाने हत्तीला साखळदंड घालण्याची वेळ सूचित होत असे, त्याच शब्दाने मुंबईचा तरुण आज चहाची, सिनेमाची आणि मित्राची तारीफ करतो.

समारोप

वरील विवेचनावरून काही गोष्टी स्पष्ट होतात. ताठा आणि उल्हास यांचे शब्द अनेकदा एकाच मुळातून निघतात, कारण अनुभवाच्या पातळीवर या दोन वृत्ती जवळच्या आहेत. सुखी माणसाची मान आपोआप ताठ होते. त्यांना वेगळे करण्याचे काम समाज करतो. वरच्याच्या आनंदाला तो दिमाख म्हणतो, बरोबरीच्याच्या आनंदाला मौज म्हणतो आणि खालच्याच्या आनंदाला माज म्हणतो. मात्र ही वाटणी कायमची नसते. 'हवस' ची हौस होऊ शकते, 'मस्त' ची निंदा स्तुतीत बदलू शकते आणि 'मुजोर' हा शब्द ज्याने उच्चारला त्याच्याकडेच परत जाऊ शकतो.

भोईवाड्याच्या परिसरात आज गिरण्यांचे भोंगे वाजत नाहीत. चाळींच्या जागी उंच इमारती उभ्या राहत आहेत आणि त्यांच्या जाहिरातींत 'शान' व 'रुबाब' यांची रेलचेल आहे. त्याच वेळी घरकाम करणाऱ्या, पहारा देणाऱ्या, सामान पोहोचवणाऱ्या माणसांविषयी 'हल्ली यांना फार माज आला आहे' हे वाक्य सुशिक्षित घरांतही सहज ऐकू येते. इतिहासाच्या आणि भाषेच्या अध्यापकाला या वाक्यात एक जुना दस्तऐवज वाचता आला पाहिजे. 'माज' म्हणून ज्याची निर्भर्त्सना होते ते बहुधा वेळेवर पगार मागणे असते, सुटी घेणे असते किंवा नजरेला नजर देऊन बोलणे असते. कोशात त्या शब्दापुढे कोणता अर्थ दिला आहे याबरोबरच तो अर्थ कोणाच्या बाजूने दिला आहे, हेही विद्यार्थ्याने विचारावे. शब्द वाहणारा भोई आणि शब्दात बसणारा मानकरी यांतील भेद ओळखणे, ही त्या प्रश्नाची सुरुवात होय.